कॅन्सर इमेजिंगमध्ये पीएचडी करायची आहे: गणित पक्कं करू की बायॉलॉजी शिकू?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: एमएस्सी फिजिक्स झालंय, पायथन चांगलं येतं, डीप लर्निंगचे दोन ऑनलाइन कोर्स केलेत. आता कॅन्सरच्या इमेजिंगमध्ये पीएचडी करायची आहे. गणित पक्कं करू की बायॉलॉजी शिकू, इथे करू की बाहेर, आणि ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप आत्ताच घेऊन ठेवू का?

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. पंचवीसेक वर्षं मुंबईत या कामात गेली, अर्धा दिवस रुग्णालयात आणि अर्धा पीएचडीच्या मुलांबरोबर. त्यामुळे उत्तर लांबेल आणि थोडं एकतर्फीही होईल, ते चालवून घ्या.

गणित किंवा बायॉलॉजी कच्ची असेल तर पुस्तकं आहेत, वर्षभरात भरून निघतं. माझ्याकडे फिजिक्स, इंजिनीअरिंग, बायोटेक, कुठूनकुठून मुलं येतात. पडद्यावरच्या आकड्याकडे संशयाने बघायची सवय मात्र एकालाही नसते. स्कॅन म्हणजे शरीराच्या आतला फोटो, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. फोटोत मांजर दिसलं की मांजर असतंच. स्कॅनमध्ये जे दिसतं ते एका यंत्राने, एका दिवशी, कुणीतरी ठरवलेल्या सेटिंगवर घेतलेलं माप असतं, आणि माप म्हटलं की चूक आलीच. ती किती आणि कुठल्या बाजूला, हे सांगता येईपर्यंत मी मुलांना गाठीला हात लावू देत नाही.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी पेट-सीटीच्या जुन्या स्कॅनवर काम करत होती. पेटमध्ये आपण एफडीजी टोचतो, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-१८ लावलेलं ग्लुकोज. बऱ्याच गाठी साखर भरपूर खेचतात, म्हणून त्या उजळतात. किती उजळल्या हे सांगायचा आकडा म्हणजे एसयूव्ही: गाठीच्या दर मिलिलिटरमधला किरणोत्सार, भागिले रुग्णाला दिलेला डोस, गुणिले रुग्णाचं वजन. दिसायला सातवीतलं गणित. पण फ्लोरिन-१८ ची अर्धायु जेमतेम ११० मिनिटं, म्हणजे डोस मोजल्या क्षणापासून आटत असतो. (सायक्लोट्रॉनवरून, म्हणजे हे फ्लोरिन बनवणाऱ्या यंत्रावरून, निघालेली गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की आमच्याकडे सकाळच्या रुग्णांची यादी पुन्हा लावावी लागते, ते याचमुळे.) म्हणून डोस किती वाजता मोजला, किती वाजता टोचला, सिरिंजमध्ये किती उरला आणि स्कॅन कधी सुरू झाला, हे सगळं नोंदवून हिशेब मागेपुढे करावा लागतो.

तिला गाठी मोजायच्या होत्या, मी आधी यकृत मोजायला लावलं. तिला ती शिक्षा वाटली असणार. निरोगी यकृताचा एसयूव्ही दोनच्या थोडा वर असतो, आणि माणसागणिक फार हलत नाही. तिने शेकडो स्कॅनमधली यकृतं मोजली आणि तारखेनुसार ठिपके मांडले. ठिपके विखुरलेले होतेच, पण सरासरीची रेघ तीन आठवडे हळूहळू चढली होती आणि मग एका दिवशी धाडकन जागेवर आली होती. पुन्हा काही महिन्यांनी तसंच. आता, यकृतं काही तारीख बघून साखर खात नाहीत.

आम्ही दोघी हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी डोस तयार करायच्या खोलीत, जाऊन उभ्या राहिलो. डोस कॅलिब्रेटरच्या, म्हणजे डोस मोजायच्या यंत्राच्या, वर भिंतीवर एक घड्याळ होतं, कुठल्याशा औषध कंपनीने भेट दिलेलं. टेक्नॉलॉजिस्ट सिरिंज मोजायचा, मान वर करून वेळ बघायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा. माझ्या मनगटावर दहा वाजून वीस मिनिटं, भिंतीवर दहा वाजून आठ. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ते मागंच पडतं, सगळ्यांना माहितीये. सेल संपत आला की जास्त. मग वॉर्डबॉय मामा सेल बदलतात." जेवायची वेळ बघताना सगळे मनातल्या मनात दहा-बारा मिनिटं मिळवून घ्यायचे. रजिस्टरमध्ये मात्र जे दिसलं तेच.

बारा मिनिटांत फ्लोरिन-१८ सात टक्क्यांच्या वर आटतं. घड्याळ मागे असल्यामुळे डोस खरोखर मोजला त्याच्या बारा मिनिटं आधी मोजल्याची नोंद व्हायची. स्कॅनरला वाटायचं की जास्त वेळ गेला, म्हणजे शरीरात डोस कमी उरला. भाजक लहान झाला की भागाकार मोठा होतो, आणि एसयूव्ही आठेक टक्के फुगायचा. आठ टक्के काही फार नाहीत असं वाटेल. पण उपचाराने गाठ विझतेय की नाही हे ठरवायच्या पर्सिस्ट निकषात उंबरठा ३० टक्के घटीचा आहे, आणि रुग्णाचा पहिला स्कॅन नव्या सेलच्या दिवशी झाला नि दुसरा संपत आलेल्या सेलच्या दिवशी, तर त्या तीसातला जवळजवळ पाचवा हिस्सा भिंतीवरच्या घड्याळाने खाल्लेला असू शकतो. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, रिपोर्टिंगमध्ये गाठीची तुलना त्याच माणसाच्या त्याच स्कॅनमधल्या यकृताशी करतात, तिथे ही चूक आपोआप कटते, कारण दोन्ही आकडे एकाच पटीत चुकलेले असतात. मुलीला हे कटणं स्वतःहून सुचलं त्या दिवशी मी तिला गाठी मोजायला परवानगी दिली. ते आठवडे तिने अभ्यासातून काढून टाकले. रोज नेमका किती फरक होता हे कुणालाच सांगता येत नव्हतं, त्यामुळे दुरुस्ती करायचा प्रश्नच नव्हता.

हे पायथनमध्ये दिसलं नसतं. यकृताचे ठिपके मांडायला पायथन लागलं, पण घड्याळ बघायला हॉट लॅबमध्ये जावं लागलं. म्हणून माझ्याकडे पहिले सहा महिने विद्यार्थी स्कॅनरपाशी, टेक्नॉलॉजिस्टच्या शेजारी बसतो. एक महिना पेट, एक एमआरआय, एक सीटी आणि मॅमोग्राफी, आणि उरलेला वेळ जिथे त्याचं मन रमेल तिथे. काही जणांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. वरच्या गोष्टीतल्या मुलीलाही वाटला होता.

सीटीपाशी बसलात की काय दिसतं ते सांगते. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण किती, हे तंबाखू आणि गुटख्याच्या देशात सांगायला नको. गालाच्या आतल्या अस्तराची गाठ आणि हिरडी साध्या सीटीत एकमेकांना चिकटलेली दिसतात, गाठ नेमकी कुठून सुरू झाली ते कळत नाही. म्हणून स्कॅनच्या वेळी रुग्णाला तोंड मिटून गाल फुगवायला सांगतात, मध्ये हवा गेली की दोन्ही सुटे दिसतात. टेक्नॉलॉजिस्ट म्हणतो, "काका, फुगा फुगवताय असं समजा आणि तसंच धरा." काका दोन सेकंद धरतात, मग हसू येतं किंवा दुखतं, हवा सुटते. काहींचं तोंडच उघडत नाही, गाल इतके कडक झालेले असतात. वर दातातल्या चांदीच्या सिमेंटमुळे चित्रभर चांदणं पसरलेलं. आता हा डेटा घरी बसून डाउनलोड करणारा विद्यार्थी बघतो तेव्हा त्याला काही स्कॅनमध्ये गालात काळा पोकळ भाग दिसतो आणि काहींत दिसत नाही. ज्यांची गाठ मोठी आणि दुखरी त्यांना गाल फुगवता येत नाही, म्हणून त्यांच्यात हवा नाही. मॉडेल हवा बघून आजाराची अवस्था सांगायला शिकतं, अचूकता छान येते आणि विद्यार्थी खूश. मी असा एक प्रबंध परीक्षक म्हणून परत पाठवलाय. कुठला ते विचारू नका.

डीप लर्निंगबद्दल माझं मत वाईट आहे असं नाही. वाईट आहे ते उत्तरपत्रिकेवरच्या आंधळ्या विश्वासाबद्दल. मॉडेलला शिकवायला 'खरं उत्तर' लागतं आणि ते माणसाने दिलेलं असतं. फुप्फुसातल्या गाठींचा एलआयडीसी हा जाहीर संग्रह या क्षेत्रात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने वापरलेला असतो. त्यात १,०१८ सीटी स्कॅन आहेत आणि प्रत्येक स्कॅन चार रेडिऑलॉजिस्टनी बघितलाय, आधी स्वतंत्रपणे, मग एकमेकांच्या खुणा पाहून. किमान एकाने ३ मिमी किंवा मोठी म्हणून खूण केलेल्या गाठी २,६६९. चौघांनीही खूण केलेल्या ९२८. म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा, आणि तोही एकमेकांच्या खुणा बघायला मिळाल्यावर. तुमचं मॉडेल ९५ टक्के बरोबर आहे म्हणता, तर कुणाच्या मते?

याच्यासाठी मी एक कंटाळवाणा अभ्यास देते. वीस रुग्णांचे फुप्फुसाचे सीटी घ्या, प्रत्येकातली एक गाठ मोजा, सर्वांत लांब व्यास. पंधरा दिवसांनी जुने आकडे न बघता पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक त्यांच्या सरासरीसमोर आलेखात मांडा. बहुतेकांची मान तिथेच खाली जाते. रेसिस्ट निकषात व्यास ३० टक्के घटला तर औषधाचा प्रतिसाद, २० टक्के वाढला तर आजार वाढला. गोल गाठ धरली तर व्यासातली ३० टक्के घट म्हणजे आकारमानातली जवळपास ६६ टक्के घट, आणि २० टक्के वाढ म्हणजे ७३ टक्के वाढ. म्हणजे निकष दिसतो तितका नाजूक नाही. पण २० मिमीची गाठ वेड्यावाकड्या कडांची असेल तर त्याच माणसाचा हात दोन दिवसांत दोन-तीन मिमी इकडेतिकडे होतो. म्हणूनच २००९ च्या सुधारित आवृत्तीत वाढ ठरवताना २० टक्क्यांबरोबर किमान ५ मिमी प्रत्यक्ष वाढ हवी अशी अट घातली. निकष पाठ असलेली मुलं खूप भेटतात, पण ही ५ मिमी कुठून आली हे स्वतःच्या हाताने मोजलेल्याला सांगावं लागत नाही.

एमआरआयमधला माझा आवडता धडा बर्फाचा. डिफ्यूजन एमआरआय पाण्याचे रेणू किती मोकळेपणी हलतात ते मोजतं. गाठीत पेशींची दाटी झाली की पाण्याला हलायला जागा उरत नाही आणि आकडा खाली येतो. हा आकडा यंत्र खरा देतंय का, हे कसं तपासणार? पाणी घ्यायचं, पण पाण्याचा आकडा तापमानाबरोबर पळतो, एका अंशाला दोन-अडीच टक्के. म्हणून कॅन्टीनमधून बर्फ मागवायचा, पाण्याची नळी बर्फ-पाण्याच्या डब्यात बुडवायची आणि तासभर थांबायचं. बर्फ शिल्लक आहे तोवर तापमान शून्य अंश, आणि शून्य अंशाला पाण्याचा आकडा ०.००११ वर्ग मिमी प्रति सेकंद. मुंबईत असो की मँचेस्टरमध्ये, तोच. मग डबा टेबलाच्या मध्यापासून दहा-पंधरा सेंटिमीटर बाजूला सरकवून परत मोजायचा. बऱ्याच यंत्रांवर आकडा हलतो, कारण ग्रेडियंट, म्हणजे जागेनुसार बदलणारी चुंबकीय क्षेत्रं, कडेला सरळ राहत नाहीत. स्तनाची गाठ नेमकी तिथेच, मध्यापासून बाजूला असते. यंत्र तपासायचे असे तयार नमुने, म्हणजे फॅन्टम, विकतही मिळतात, महाग असतात. विद्यार्थ्याने एकदा तरी बर्फाचं पाणी सांडावं असं मला वाटतं (स्कॅनरवर नव्हे, बाहेर).

आता बायॉलॉजी. ती पुस्तकातून शिका, पण पॅथॉलॉजीच्या ग्रॉसिंग टेबलपाशी, जिथे काढलेला अवयव कापून बघतात तिथे, चार-पाच सकाळी उभं राहिल्याशिवाय ती शिकलात असं म्हणू नका. इमेजिंगवाल्यांचा आवडता दावा असतो की 'आमच्या चित्रातला हा भाग पॅथॉलॉजीशी जुळतो'. एमआरआयचा एक काप ३ मिमी जाडीचा, आणि स्लाइडवरचा चार मायक्रॉनचा. एका कापात सातशे-साडेसातशे स्लाइड मावतील, तुम्ही त्यातल्या एकीशी तुलना करताय. शिवाय काढलेला अवयव फॉर्मेलिनमध्ये आकसतो, वरचा-खालचा भाग कुठला हे सर्जनने टाका घालून सांगितलं नसेल तर नंतर कुणीच सांगू शकत नाही. एका घन मिलिमीटरमध्ये लाखो पेशी असतात. तुमच्या एका व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे चित्रातल्या एका छोट्या ठोकळ्यात, गाठ, रक्तवाहिन्या, सूज आणि मेलेला भाग, सगळ्यांची सरासरी आहे. हे शब्दांत समजतं, पण ग्रॉसिंगवाल्या डॉक्टरांनी सुरी चालवली आणि एकाच गाठीत पांढरा, लाल आणि पिवळा भाग दिसला की पटतं.

उंदरांवर काम करणार असाल तर एकच सांगते: त्यांना थंडी वाजते. वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव, भूल दिलेली, आणि आपली इमेजिंगची खोली यंत्रांसाठी एसीने गार केलेली. उंदीर अंग गरम ठेवायला खांद्यांमधली तपकिरी चरबी जाळतो, आणि पेटमध्ये तीच लखलखते. माझ्या एका विद्यार्थ्याने उत्साहाने मला 'मेटास्टॅसिस', म्हणजे पसरलेला कॅन्सर, दाखवलं होतं. सगळ्या उंदरांत, त्याच जागी, औषध दिलेल्यांत आणि न दिलेल्यांतही. टोचायच्या आधीपासून ऊब आणि काही तास उपास, एवढ्याने ते गेलं.

रेडिओमिक्सबद्दल हमखास विचारणा होते, म्हणून थोडं. गाठीच्या चित्रातून शेकडो आकडे काढायचे आणि रुग्ण किती जगेल याचं भाकीत करायचं, ही कल्पना २०१४ च्या सुमारास फार गाजली. २०१९ मध्ये एका गटाने त्या गाजलेल्या आकड्यांची तपासणी केली. गाठीतल्या व्हॉक्सेलची मूल्यं पत्ते पिसावीत तशी पिसून टाकली, तरी भाकितात फरक पडेना. कारण त्यातले बहुतेक आकडे वेगळ्या नावाने गाठीचं आकारमानच मोजत होते. मोठी गाठ वाईट, हे आमच्या वॉर्डातल्या मावशीही सांगतात. म्हणून कुठलंही मॉडेल आणलंत की मी पहिला प्रश्न विचारते: नुसत्या आकारमानाने किती जमलं? आणि दुसरा: एकाच रुग्णाचे काप शिकवणीत आणि परीक्षेत दोन्हीकडे गेले नाहीत ना? दुसऱ्या प्रश्नाला 'बघतो मॅडम' असं उत्तर आलं की मीटिंग संपते.

आपल्याकडचा आणखी एक पेच पाश्चात्त्य डेटावर शिकलेल्या मॉडेलना माहीतच नसतो, तो म्हणजे टीबी. क्षयाच्या गाठीही साखर खेचतात आणि पेटमध्ये कॅन्सरसारख्याच उजळतात. छातीच्या मध्यभागातली उजळ लसिकाग्रंथी अमेरिकेत एक अर्थ सांगते आणि धारावीतल्या माणसात दुसरा असू शकतो. इथे करण्यासारखं काम शोधताय तर हे घ्या, पीएचडीच नव्हे, पुढची दहा वर्षं पुरेल.

कुठे करायची? रुग्णालयात फिजिसिस्ट म्हणून नोकरी करायची असेल तर वाट वेगळी आहे: एमएस्सी फिजिक्सनंतर बीएआरसीचा रेडिऑलॉजिकल फिजिक्समधला वर्षाचा डिप्लोमा आणि त्यानंतर इंटर्नशिप. तो अणुऊर्जा नियामक मंडळाच्या चौकटीतला रस्ता आहे, पीएचडी त्याची जागा घेत नाही. संशोधनच करायचं असेल तर मुंबईत सोय चांगली आहे. परळला टाटा मेमोरियल आहे, १९४१ पासूनचं. त्याच्याच आवारात बीएआरसीचं रेडिएशन मेडिसिन सेंटर, जिथे २००२ मध्ये देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन सुरू झाला. खारघरला टाटा मेमोरियलचंच संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, तिथे प्राण्यांवरच्या इमेजिंगची सोय आहे आणि रामन स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे लेझरचा विखुरलेला प्रकाश मोजून, तोंडाचा कॅन्सर ओळखण्यावर बरंच काम झालंय. तिथली पीएचडी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते. पवईला आयआयटी. मुंबईबाहेर बघायचं तर कोलकात्याचं टाटा मेडिकल सेंटर आणि आयआयटी खरगपूर यांनी मिळून कॅन्सर इमेजिंगचा 'छवी' नावाचा संग्रह उभारलाय, भारतीय रुग्णांचा. फेलोशिप जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलो) महिना ३७,००० रुपये, २०२३ पासून. मुंबईत खोलीचं भाडं त्यातलं किती खाईल ते आधी विचारून घ्या.

संस्थेच्या नावापेक्षा दोन गाइड बघा. एक यंत्र आणि गणित जाणणारा, दुसरा रुग्ण बघणारा किंवा पेशींवर काम करणारा. आणि दुसरा फक्त कागदावर सही करणारा नको. वेगवेगळे डॉक्टर एकत्र बसून रुग्णाचा उपचार ठरवतात त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. मुलाखतीत सरळ विचारा, "सर, मला आठवड्यातून एकदा ट्यूमर बोर्डला बसता येईल का?" उत्तर देताना किती वेळ घेतात तेवढ्यावरून पुष्कळ कळतं. अमेरिकेत कॅन्सर इमेजिंगच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय कॅन्सर संस्थेकडून विद्यापीठांना टी-३२ नावाची अनुदानं मिळतात, आणि त्यांतही विद्यार्थ्याला असेच दोन बाजूंचे मार्गदर्शक देण्याची पद्धत आहे. पण वेबसाइट बघून हुरळू नका: त्या जागा अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात. तुम्हाला त्याच प्रयोगशाळेत पीएचडी करता येते, मात्र पैसे गाइडच्या प्रकल्पातून किंवा विभागाकडून यावे लागतात. अर्ज करताना त्याची चौकशी ईमेलवर आधीच करा, दरवर्षी कुणीतरी यात फसतं.

गणिताचं सांगायचं राहिलं. लिनिअर अल्जेब्रा आणि फूरिए ट्रान्सफॉर्म तुमच्या एमएस्सीत झालंय, ते पुरतं, एमआरआयसाठी फूरिए पुन्हा एकदा हाताने सोडवा. संख्याशास्त्र कच्चं असणार, फिजिक्सवाल्यांचं असतंच. अभ्यासाला किती रुग्ण लागतील हे काढता येणं, आणि दोन मोजणाऱ्यांत किती एकमत आहे हे मांडता येणं, एवढ्यापासून सुरुवात करा.

आणि लॅपटॉप घेऊ नका. आहे तो चालेल. पहिलं वर्ष डायकॉम फाइलींचे, म्हणजे स्कॅनच्या फाइलींचे, हेडर वाचण्यात जाईल: कापाची जाडी किती, रुग्णाचं वजन मोजलेलं आहे की विचारून लिहिलेलं, डोसची वेळ कुठल्या घड्याळाची. त्याला ग्राफिक कार्ड लागत नाही.